चाळीस डॉलरचं पेट्रोल, कार्डावर पावणेदोनशे अडकले: गॅस स्टेशनच्या होल्डचं काय करायचं

मी कोल्हापुरात फॉरेक्स कार्डाच्या, म्हणजे परदेशात वापरायला आधी परकीय चलन भरून घ्यायच्या कार्डाच्या, काउंटरवर बसतो. आमच्याकडे गर्दीचे हंगाम दोन. एप्रिल-मेमध्ये मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील आणि जुलै-ऑगस्टमध्ये एमएसला निघालेली मुलं. ही माणसं तिकडे पोचून थोडी रुळली की एक फोन हमखास येतो, तोही पहाटे साडेचार-पाचला, कारण न्यू यॉर्कच्या बाजूला तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात. "दादा, पेट्रोल चाळीस डॉलरचं भरलं आणि कार्डावरनं एकशे पंच्याहत्तर गेले. उरलेले कुठं गेले?"

बहुतेक वेळा ते कुठेही गेलेले नसतात. पण परमुलखात, हातात एकच कार्ड आणि घरभाड्याची तारीख तोंडावर असताना नुसतं "काळजी करू नका" म्हणून भागत नाही. म्हणून आधी लक्षणं लिहितो. मग काय काय तपासायचं ते, बिनखर्ची आणि सोपं आधी, कटकटीचं शेवटी.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसतं ते हे: पंपावर ४२ डॉलरची पावती, फोनवर मेसेज मात्र १००, १२५ किंवा १७५ डॉलरचा. आकडा गोल असेल आणि पावतीशी त्याचा काही संबंध लागत नसेल, तर होल्डच समजा, म्हणजे पैसे गेलेले नाहीत, पंपाच्या सांगण्यावरून बँकेने ते तात्पुरते बाजूला अडकवून ठेवलेत.

दुसरं लक्षण लोकांना जास्त घाबरवतं. ॲपमध्ये एकाच पंपाच्या दोन नोंदी दिसतात, एक १७५ ची आणि एक ४२ ची, आणि शिल्लक दोन्हींनी कमी झालेली असते. म्हणजे काही तास का होईना, पेट्रोलचे पैसे दोनदा गेल्यासारखं दिसतं.

तिसरं, पंपाने कार्ड नाकारलं, पडद्यावर 'सी कॅशियर' (आत काउंटरवर जा) आलं, एक थेंब पेट्रोल पडलं नाही, तरीही पैसे गेल्याचा मेसेज आला.

चौथं लक्षण पंपापासून लांब दिसतं, म्हणून ते ओळखू येत नाही. काल पेट्रोल भरलं, आज किराणा घेताना कार्ड चाललं नाही. माणूस म्हणतो कार्ड बिघडलं. कार्ड ठणठणीत असतं, पण खर्चायला मोकळी रक्कमच उरलेली नसते.

कधीकधी नुसता एक डॉलरचा मेसेज येतो. तो पंपाने कार्ड चालू आहे का हे बघण्यासाठी केलेला असतो आणि आपोआप निघून जातो. त्याच्यामागे वेळ घालवू नका.

हे होतं कशामुळे

आपल्याकडे पंपावर माणूस असतो. "पाचशेचं टाक" म्हणायचं, आकडा शून्यावर आलेला बघायचा, पेट्रोल पडल्यावर कार्ड नाहीतर क्यूआर. मशिनमध्ये नेमकी रक्कम टाकली जाते. तिकडच्या सेल्फ-सर्व्हिस पंपावर क्रम उलटा असतो. आधी कार्ड घालायचं, मग नळी उचलायची. तुम्ही दोन गॅलन भरणार की वीस, हे पंपाला त्या क्षणी माहीत नसतं. गाडी भरून माणूस निघून गेला आणि खात्यात पैसे नसले तर नुकसान पंपवाल्याचं. म्हणून पंप आधी एक मोठी रक्कम गृहीत धरून तुमच्या बँकेला विचारतो: एवढे आहेत का, असतील तर बाजूला ठेव. मंगल कार्यालयवाले भांड्यांची अनामत ठेवून घेतात तसंच हे.

ही रक्कम किती धरायची ते पंपवाला ठरवतो, कार्ड कंपन्यांनी घातलेल्या मर्यादेच्या आत. अमेरिकेत व्हिसा आणि मास्टरकार्डने ही मर्यादा २०२२ मध्ये, पेट्रोल भडकलेलं असताना, १२५ वरून १७५ डॉलरवर नेली. म्हणूनच जुन्या अनुभवी नातेवाइकांनी सांगितलेला आकडा आणि तुमच्या मेसेजमधला आकडा जुळत नाही. एकाच गावातल्या दोन पंपांचा होल्डही वेगळा असू शकतो. इंग्लंडमध्ये 'पे ॲट पंप'ला साधारण १०० पौंडांच्या घरात होल्ड लागतो. युरोपात बिनमाणसांच्या पंपांवरही शंभर-दीडशे युरो अडकू शकतात.

पेट्रोल भरून नळी परत खोबणीत ठेवली की पंप दुसरा निरोप पाठवतो: खरा आकडा ४२. तो निरोप तुमच्या बँकेने वाचला की जादा अडकवलेली रक्कम सुटायला हवी. सगळी गोम इथेच आहे. काही बँकांकडे हे तासाभरात होतं. काहींच्या प्रणालीत हा निरोप मूळ होल्डशी जुळत नाही, मग होल्ड आपली मुदत संपेपर्यंत तसाच पडून राहतो आणि खरी रक्कम वेगळी नोंदली जाते. दुसऱ्या लक्षणातली दोन नोंदींची भानगड ती हीच. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर हे जास्त जाणवतं, कारण तिथे भरलेल्या रकमेपलीकडे काहीच नसतं.

सगळ्यांत आधी: कार्ड पुन्हा घालू नका

ही तपासणी नाही, पण याने निम्मी प्रकरणं चिघळायची थांबतात. पंपाने नाकारलं म्हणून तेच कार्ड त्याच पंपावर दुसऱ्यांदा, मग शेजारच्या पंपावर तिसऱ्यांदा घालायचं, असं लोक करतात. प्रत्येक वेळी नवीन होल्ड लागू शकतो.

एका विद्यार्थ्याच्या बाबतीत झालेला हिशेब बघा. कार्डावर ४०० डॉलर. पंपाने झिप कोड (तिकडचा पिन कोड) मागितला, चुकीचा ठरला, नाकारलं. पुन्हा तेच. दोन्ही वेळा बँकेने १२५ बाजूला काढले होते, म्हणजे २५० अडकले. मग आत जाऊन साडेअडतीसचं पेट्रोल घेतलं. उरले १११.५०. दुसऱ्या दिवशी १२० डॉलरच्या किराण्याला कार्ड नाकारलं गेलं. त्याच्या हिशेबाने कार्डावर साडेतीनशेच्या वर होते, आणि खरोखरच होते. पण त्यांतल्या अडीचशेंना चार दिवस हात लावता येणार नव्हता.

तपासणी १: नोंद 'पेंडिंग' आहे की पक्की?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. कार्डाच्या ॲपमध्ये जा आणि ती नोंद उघडा. 'पेंडिंग', 'होल्ड', 'ब्लॉक्ड', 'ऑथराइज्ड' यांपैकी काही लिहिलं असेल तर पैसे अजून पंपवाल्याला पोचलेले नाहीत. 'पोस्टेड' किंवा 'सेटल्ड' असेल तर पोचले. क्रेडिट कार्ड असेल तर 'अनबिल्ड'मध्ये, म्हणजे अजून बिलात न आलेल्या खर्चात, पक्की नोंद दिसते, आणि होल्ड असेल तर फक्त वापरायची मर्यादा कमी झालेली दिसते.

भारतातल्या बचत खात्याचं डेबिट कार्ड वापरलं असेल तर दोन शिलका बघा, एकूण शिलक आणि वापरायला मोकळी शिलक. दोन्हींत फरक असेल आणि तो फरक होल्डच्या रकमेएवढा असेल, तर पैसे तुमच्याच खात्यात आहेत, फक्त बांधून ठेवलेत. बँकेतली माणसं याला 'लिन' म्हणतात, चौकशी करताना हाच शब्द वापरा. काही बँका मात्र परदेशी व्यवहार आला की रक्कम सरळ खर्ची टाकतात आणि नंतर फरक जमा करतात. अशा वेळी दोन्ही शिलका सारख्याच दिसतील. याचा अर्थ पैसे बुडाले असा नाही, परत यायची वाट वेगळी आहे एवढंच.

हे का महत्त्वाचं? पुढचं सगळं यावर ठरतं. होल्डवर तक्रार अर्ज चालत नाही, कारण अजून व्यवहारच पुरा झालेला नाही. पक्क्या नोंदीवर नुसती वाट बघून चालत नाही.

मेसेजच्या शब्दांवर मात्र विसंबू नका. होल्ड असला तरी बऱ्याच बँकांचा मेसेज 'खर्च झाले' असाच येतो.

तपासणी २: पावती आणि दुकानाचं नाव

पंपावर पावती मागून घेतली असेल तर तिच्यावरचा आकडा हाच खरा. पंपातून कागद निघाला नसेल तर आत काउंटरवर पंपाचा नंबर आणि वेळ सांगितली की पावती काढून देतात. त्याच दिवशी मागा. फोटो काढून ठेवा, कारण ही पातळ कागदाची पावती गाडीत उन्हात पडली की पार पांढरी होते.

मग मेसेजमधलं नाव वाचा. नोंद खरोखर पंपाचीच आहे का? भाड्याची गाडी घेतली असेल तर गाडीवाल्याचाही होल्ड असतो, हॉटेलचाही असतो, आणि ते पंपाच्या होल्डपेक्षा मोठे आणि जास्त दिवस टिकणारे असतात. तीनशे डॉलर पंपाने धरले म्हणून फोन येतो, आणि नाव वाचायला सांगितलं की गाडी भाड्याने देणारी कंपनी निघते. त्या कंपनीचा होल्ड गाडी परत केल्यावर, हिशेब मिटल्यावरच सुटतो. पंपावर जाऊन भांडण्यात अर्थ नाही.

तपासणी ३: किती वेळ झाला?

हे सगळ्यात स्वस्त औषध आहे आणि लोकांना सगळ्यात जड जातं. साधारण अंदाज असा धरा. चांगल्या परिस्थितीत जादा रक्कम काही तासांत सुटते. एक ते तीन दिवस लागणं नेहमीचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी भरलं असेल तर सोमवार-मंगळवारपर्यंत थांबा. फॉरेक्स प्रीपेड कार्डाला कधी आठवडा लागतो, क्वचित त्याहून थोडा जास्त.

तीन दिवसांच्या आत बँकेला फोन केलात तर उत्तर एकच मिळतं: थांबा. ते टाळाटाळ करत नसतात. खरा आकडा पंपाकडून येण्याआधी बँकेने होल्ड काढला आणि मागून ४२ डॉलरची मागणी आली, तर खात्यात पैसे नसण्याचा धोका बँकेवर येतो. म्हणून त्या आधी हात लावायला बँक नाखूश असते.

मात्र त्या तीन दिवसांत भाडं, फी किंवा औषधं भरायची असतील तर थांबू नका, सरळ तपासणी ५ वर जा.

तपासणी ४: पंपाने झिप कोड विचारला होता का?

पेट्रोल पडलंच नाही आणि होल्ड लागला, अशा प्रकरणांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. अमेरिकेतले बरेच पंप कार्ड घातल्यावर पाच आकडी झिप कोड मागतात. कार्डधारकाच्या पत्त्याशी तो जुळतो का, हे पडताळायची ती पद्धत आहे. आपला पिन कोड सहा आकडी. कोल्हापूरचा ४१६००१ टाकायला गेलात तर शेवटचा आकडा बसतच नाही. लोक मग ४१६०० टाकून बघतात, तिथल्या घराचा झिप टाकून बघतात. भारतातल्या बँकेकडे तो कोड नोंदलेला नसतो, त्यामुळे जुळणी होत नाही. मेख अशी, की रक्कम आहे का या प्रश्नाला बँकेने 'हो' म्हटलेलं असतं, होल्ड लागलेला असतो, आणि पत्ता जुळला नाही म्हणून पंप नाही म्हणतो.

उपाय म्हणजे आकडे बदलून बघत न बसता सरळ आत जायचं. काउंटरवर झिप विचारत नाहीत.

कार्ड कुठेच चालत नसेल, एकही होल्ड दिसत नसेल, तर वेगळीच गोष्ट बघा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार भारतात निघणारी नवीन कार्डं सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशिनसाठी चालू असतात. परदेशातला वापर, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं हे ॲपमध्ये जाऊन आपल्याला चालू करावं लागतं. विमानात बसण्याआधी करायचं हे काम बरेच जण विसरतात. ॲपमधली एक खूण फिरवली की काम होतं.

तपासणी ५: पंपाच्या आत जाऊन बोला

इथून पुढे थोडे कष्ट आहेत. होल्ड लवकर सोडवण्याची चावी पंपवाल्याकडे असते, कारण तो व्यवहार त्याच्या मशिनमधून निघालेला आहे. पेट्रोल भरलंच नसेल तर तो 'रिव्हर्सल', म्हणजे होल्ड रद्द करायचा निरोप, पाठवू शकतो. भरलं असेल तर व्यवहार त्याच्या बाजूला बंद झालाय का हे बघू शकतो. कधीकधी नळी खोबणीत नीट बसलेली नसते, व्यवहार उघडाच राहतो आणि खरा आकडा जातच नाही.

जाताना तारीख, वेळ, पंपाचा नंबर, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि पावती घेऊन जा. काउंटरवरच्या पोराला बहुधा यातलं काही करता येत नाही, मॅनेजर कधी असतो ते विचारून तेव्हा जा. इंग्रजी बोलायला संकोच वाटणाऱ्या आई-वडिलांना मी कागदावर एवढंच लिहून देतो: "प्लीज रिव्हर्स द प्री-ऑथरायझेशन, नो फ्युएल वॉज पम्प्ड." आणि पूर्ण कार्ड नंबर कागदावर लिहून कुणालाही द्यायचा नाही, मागितला तरी.

तपासणी ६: कार्ड देणाऱ्या बँकेला फोन

तीन दिवस उलटले, फॉरेक्स कार्ड असेल तर आठवडा उलटला, तर फोन करा. कार्डाच्या मागे परदेशातून लावायचा वेगळा नंबर असतो, तो लावा. गुगलवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर लावू नका. तिथे फसवणारे टपून बसलेले असतात, आणि पैसे अडकलेला माणूस त्यांना पटकन सापडतो.

बोलताना "पैसे कापले" म्हणालात की समोरचा तक्रारीचा फॉर्म भरायला सांगतो आणि पंधरवडा जातो. असं म्हणा: "अमुक तारखेचा इतक्या डॉलरचा होल्ड आहे, खरी रक्कम ४२ पक्की झाली आहे, जादा होल्ड रिलीज करा." सोबत ऑथरायझेशन कोड सांगा. हा बहुधा सहा अक्षर-आकड्यांचा असतो, ॲपमध्ये नोंद उघडली की दिसतो, पावतीवरही असतो. तो सांगितला की त्यांना नेमका व्यवहार सापडतो. खरी रक्कम पक्की झालेली दाखवता आली तर बँकेला होल्ड धरून ठेवायला कारण राहत नाही. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

तपासणी ७: पक्की नोंदच चुकीची असेल तर

१७५ डॉलर 'पोस्टेड' झाले आणि पावती ४२ ची, असं क्वचित होतं, पण होतं. आता हा होल्ड राहिला नाही, चुकीची वसुली झाली. बँकेचा डिस्प्यूट फॉर्म भरा, पावतीचा फोटो जोडा. बँक कार्ड कंपनीमार्फत पंपाच्या बँकेकडे रक्कम परत मागते, त्याला चार्जबॅक म्हणतात. यात आठवडे जातात आणि अर्जाला मुदत असते, म्हणून "परत आल्यावर बघू" असं करू नका.

त्याआधी एक हिशेब तपासा, नाहीतर उगाच तक्रार होते. रुपयातल्या खात्याचं कार्ड असेल तर ४२ डॉलर म्हणजे नुसते ४२ गुणिले दर होत नाहीत. सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरू. झाले ३,७८०. त्यावर बँकेचा परकीय चलन आकार, तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, १३२ रुपये ३० पैसे. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, २३ रुपये ८१ पैसे. एकूण ३,९३६ रुपये ११ पैसे. शिवाय दर पेट्रोल भरल्या दिवशीचा लागत नाही, व्यवहार पक्का झाला त्या वेळचा लागतो. दीडशे-पावणेदोनशे रुपयांचा फरक दिसला तर तो असा येतो.

इथे थांबा, आता जाणत्या माणसाकडे जा

तुम्ही न केलेले व्यवहार दिसू लागले, तर वरचं सगळं सोडा. पंपावरच्या कार्डाच्या खाचेत चोरीचं यंत्र बसवून कार्ड उतरवून घेण्याचे प्रकार अमेरिकेत होतात. पहिल्या मिनिटाला ॲपमधून कार्ड बंद करा, मग बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर काही मर्यादेपर्यंत येतं. म्हणून इथे एक दिवसही मोलाचा. भारतात असाल तर सायबर फसवणुकीसाठी १९३० ला फोन करा.

बँकेने तक्रार घेऊन ३० दिवस उलटले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या तक्रार पोर्टलवर अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं मात्र सक्तीचं आहे. तो तक्रार क्रमांक सांभाळा म्हणून मी जीव तोडून सांगतो ते यासाठी.

आणि "होल्ड सोडवून देतो, ओटीपी सांगा" म्हणणारा कुणीही भेटला, तरी फोन ठेवा. होल्ड सोडायला ओटीपी लागत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

माझ्या मते एकच सवय नव्वद टक्के त्रास वाचवते: पंपावर कार्ड घालायचंच नाही. आत जायचं, पंपाचा नंबर आणि रक्कम सांगायची, "थर्टी ऑन पंप फोर". तीस डॉलरच मागितले जातात, पावणेदोनशे अडकत नाहीत. टाकी लवकर भरली आणि सव्वीसच डॉलरचं मावलं तर कार्डावर सव्वीसचीच नोंद पक्की होते. रोख दिले असतील तर आत परत जाऊन सुटे घ्या. थंडीत दोनदा ये-जा करायचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे, पण भाड्याच्या आठवड्यात हे कराच.

पंपावरच भरायचं असेल तर क्रेडिट कार्ड वापरा. होल्ड त्यावरही लागतो, पण तो उधारीच्या मर्यादेतला असतो, खिशातली रोकड अडकत नाही. विद्यार्थ्यांना मी सांगतो, भाड्याचे पैसे ज्या कार्डावर आहेत ते कार्ड पंपाला दाखवू नका.

न्यू जर्सीत मुलं असलेले पालक म्हणतात, तिकडे आपल्यासारखाच माणूस पेट्रोल घालतो. बरोबर आहे, त्या राज्यात स्वतः भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी आहे. तरी कार्ड तो माणूस पेट्रोल घालण्याआधीच पंपात घालतो, त्यामुळे होल्ड तिथेही लागू शकतो.

परत आल्यावर आणखी एक. विमानतळावर जाताना भाड्याच्या गाडीची टाकी भरून द्यायची असते, ते शेवटचं पेट्रोल फॉरेक्स कार्डावर भरलं जातं, आणि कोल्हापुरात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस उरलेले डॉलर मोडायला काउंटरवर हजर होतो. होल्ड सुटलेला नसतो, मग तेवढी रक्कम मोडता येत नाही, किंवा कार्ड बंद करून घेतलं तर नंतर सुटलेली रक्कम मिळवायला अर्ज-फाटे करावे लागतात. शेवटच्या वापरानंतर पंधरा दिवस थांबून मगच या. घाई करायचं कारण नसतं, वापरात न आलेलं परकीय चलन परत करायला नियमाने १८० दिवस मिळतात.

आणि इथल्या पंपावर पैसे अडकले तर

ताराराणी चौकात किंवा पुणे-बेंगळुरू हायवेला पेट्रोल भरताना होणारा प्रकार वेगळा असतो. रक्कम आधी ठरलेली असल्याने होल्डचा प्रश्न बहुधा येत नाही. इथे मेसेज येतो, खात्यातून पैसे जातात, आणि पंपावरचं मशिन 'डिक्लाइन' दाखवतं. पंपावरचा माणूस पुन्हा पैसे मागतो, त्याचीही चूक नसते, त्याच्याकडे काही आलेलं नसतं. दुसऱ्या मार्गाने पैसे द्या, डिक्लाइनची स्लिप मागून घ्या आणि घरी जा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे कार्ड असो वा यूपीआय, दुकानदाराला न पोचलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे, तीही न मागता. सहाव्या दिवशी पैसे आले नाहीत तर बँकेत जाताना स्लिप आणि हा नियम दोन्ही सोबत न्या.

क्रेडिट कार्डाने २,००० चं पेट्रोल भरलं आणि नोंद २,०२३ रुपये ६० पैशांची दिसली, तर ते एक टक्का इंधन अधिभार आणि त्यावरचा जीएसटी. कार्डावर अधिभार माफी असेल, आणि रक्कम माफीच्या किमान-कमाल मर्यादेत बसत असेल, तर वीस रुपये पुढच्या स्टेटमेंटमध्ये परत दिसतात. जीएसटीचे ३ रुपये ६० पैसे सहसा परत येत नाहीत.